डावा पाय मोकळा, पण तेलाचे काय?

दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घालायला आपण कधी विसरत नाही. चाकाखाली लिंबू ठेवतो, पुढे नारळ फोडतो, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो. एंजिनाचे तेल वेळच्या वेळी बदलावे लागते हेही आता घरातल्या शाळकरी पोराला ठाऊक असते. पण ज्यांच्या दारी आपोआप गिअर बदलणारी, म्हणजे ऑटोमॅटिक मोटार उभी आहे, अशा एखाद्या गृहस्थाला विचारून पाहा, "काय हो, गिअरच्या पेटीतले तेल शेवटचे कधी बदललेत?" खापरपणजोबांचे नाव विचारल्यावर माणूस जसा छताकडे बघू लागतो, तसा तो बघू लागेल. आणि मग हळूच विचारील, "म्हणजे, त्यातही निराळे तेल असते?"

असते तर! आणि एंजिनाच्या तेलापेक्षा त्याच्या अंगावर जास्त कामे असतात. तंत्रशाळेत तीस वर्षे पोरांना यंत्रे शिकविण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे नात्यागोत्यातल्या सगळ्या आजारी यंत्रांना माझ्याकडे आणण्याची प्रथाच पडली आहे. शिवणयंत्र अडले, बोलवा मामाला. मिक्सर जळला, दाखवा काकांना! अलीकडे मात्र मिक्सर मागे पडले असून ऑटोमॅटिक मोटारी पुढे आल्या आहेत. आपल्याकडे ही मोटार फार वर्षे बड्या लोकांची चैन होती. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओने स्वस्तातली एक निराळी जात बाजारात आणली आणि मध्यमवर्गीय माणसाचा डावा पाय मोकळा झाला. क्लच दाबायला नको, गिअर टाकायला नको. दादरच्या किंवा स्वारगेटच्या गर्दीत ज्याने तासभर क्लच दाबला आहे, त्याला या सुखाची किंमत सांगायला नको. पण सुख आले की त्याच्या मागोमाग त्याची देखभालही येते, आणि नेमके तेच कोणी सांगत नाही.

तेल चालवते मोटार

गंमत अशी की, साध्या मोटारीत तेल हे गिअरांना वंगण म्हणून असते. ऑटोमॅटिक मोटारीत मात्र तेल स्वतःच यंत्राचा एक भाग असते. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्डस्मोबिल मोटारीत 'हायड्रा-मॅटिक' नावाची पेटी बसविली. मोठ्या प्रमाणावर तयार झालेली ही पहिली संपूर्ण स्वयंचलित गिअरपेटी. दुसऱ्या महायुद्धात तीच पेटी अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसविण्यात आली. पुढे 1948 साली ब्यूक मोटारीत 'टॉर्क कन्व्हर्टर' आला आणि आजच्या बहुसंख्य ऑटोमॅटिक मोटारींचे घराणे सुरू झाले.

हा टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय? टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एकाचा खटका दाबा. दुसऱ्याची वायर भिंतीला लावूच नका. पहिल्या पंख्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. आता वाऱ्याच्या जागी तेल आणि खोलीच्या जागी गच्च बंद केलेला लोखंडी डबा कल्पा. एंजिनाने पहिला पंखा फिरवायचा, त्याने तेल ढकलायचे, तेलाने दुसरा पंखा फिरवायचा आणि त्याने चाके. म्हणजे सिग्नलला मोटार उभी असताना एंजिन बंद का पडत नाही, याचे उत्तर या तेलात आहे.

एवढ्यावर तेलाची सुटका नाही. कोणता गिअर केव्हा पडावा, हे अंमलात आणण्यासाठी पेटीत नळ्यांचे, झडपांचे आणि बारीक छिद्रांचे एक जाळे असते. त्यातून दाबाने जाणारे तेल एकेका क्लचच्या चकत्या आवळते नाहीतर सोडते. शिवाय दात्यांना वंगण द्यायचे, चकत्यांची उष्णता वाहून न्यायची आणि वाटेत दिसेल तो कचरा उचलून जाळीपाशी आणायचा, हीही कामे त्याचीच. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे त्याचा स्वभाव! दात्यांसाठी ते निसरडे हवे, पण क्लचच्या कागदासारख्या अस्तराला पकडू देईल इतके आवरते हवे. सासूशीही गोड आणि सुनेशीही गोड राहणाऱ्या मुलाला जी कसरत करावी लागते, तीच ही.

हा दुहेरी स्वभाव तेलात आणायला शास्त्रज्ञांना पुष्कळ खटपट करावी लागली. 1949 साली जनरल मोटर्सने या कामासाठी 'टाइप ए' हे प्रमाणित तेल ठरविले आणि 1967 साली 'डेक्स्रॉन' आणले. त्या काळच्या या तेलांत स्पर्म व्हेल या अजस्र देवमाशाच्या तेलाचा अंश असे! क्लच हळुवार लागावा म्हणून देवमासा मारायचा, असा तो व्यवहार. 1970 च्या दशकात अमेरिकेने कायद्याने देवमाशाला अभय दिले आणि तेलवाल्यांना प्रयोगशाळेत त्याचा पर्याय शोधावा लागला. हे तेल बहुधा लाल असते, ते मात्र निसर्गाने नव्हे. मोटारीखाली थेंब दिसला तर तो एंजिनाचा की गिअरपेटीचा हे चटकन कळावे म्हणून त्यात लाल रंग घालतात.

'जन्मभराचे' तेल, पण जन्म कोणाचा?

आता या तेलाचे वय होते कसे? मुख्य शत्रू उष्णता. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापविले की ते काळे, दाट आणि कडवट होते, हे कोणत्याही गृहिणीला माहीत आहे. तोच प्रकार इथे. स्थूल हिशेब असा सांगतात की, तेलाचे तापमान दहा अंशांनी चढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. मोटार रस्त्याने भरधाव जात असताना पेटी सुखात असते. खरी ती तापते घाटात, उन्हात आणि 'दहा पावले चाल, दोन मिनिटे थांब' अशा गर्दीत. तापलेल्या तेलाचे ऑक्सिडेशन होते, त्यातली औषधी द्रव्ये खर्ची पडतात, चकत्यांच्या अस्तराचा आणि लोखंडाचा कीस त्यात मिसळतो, आणि बारीक छिद्रांत रोगण धरू लागते.

असे असताना बऱ्याच मोटारींच्या बाबतीत 'हे तेल जन्मभर पुरते' असे विकणारा छातीठोकपणे सांगतो. ऐकायला बरे वाटते. पण जन्म कोणाचा, तुमचा की मोटारीचा, की हमीपत्राचा? जर्मनीतली झेड.एफ. ही कंपनी जगातल्या कितीतरी नामांकित मोटारींना गिअरपेट्या पुरविते. पेटी बनविणारी तीच कंपनी म्हणते की, वापराप्रमाणे 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला, आणि फार तर 8 वर्षांनी, तेल बदला. आता पेटी करणाऱ्याचे ऐकायचे की मोटार विकणाऱ्याचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसरी एक मौज. मोटारीबरोबर मिळालेले माहितीपुस्तक आपण ज्या कप्प्यात ठेवतो, तिथून ते एकदा काढून वाचा. त्यात साधा वापर आणि 'कठीण वापर' असे दोन तक्ते बहुधा सापडतील. कठीण वापर म्हणजे सहाराचे वाळवंट असे आपल्याला वाटते. खाली वाचावे तर काय? कडक उन्हाळा, धूळ, चढउतार, थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या आणि सतत थांबत जाणारी वाहतूक! म्हणजे पुण्या-मुंबईचा कुठलाही मोटारवाला नकळत कठीण वापरात मोडतो.

"हात लावू नका, पेटी जाईल!"

हे सारे तेल वेळेवर बदलणाऱ्यांसाठी झाले. पण ज्यांनी दहा-बारा वर्षे ते बदललेच नाही, त्यांनी काय करावे? इथे एक भयंकर वाक्य आडवे येते. गॅरेजवाले ते गळा खाली करून सांगतात, "साहेब, जुन्या तेलाला हात लावू नका. नवीन तेल घातले की पेटी जाते."

हे वाक्य माझ्या ताईने मला 2024 च्या फेब्रुवारीत फोनवरून ऐकविले. ताई पुण्याला सहकारनगरात एकटी राहते. वय 74. डाव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले तेव्हापासून क्लच दाबणे तिला जमेना, म्हणून भाऊजींनी 2013 साली तिच्यासाठी चार गिअरांची ऑटोमॅटिक मोटार घेतली. भाऊजी गेले, मोटार राहिली. मंडई, बँक, व्यायामोपचार, आणि दर गुरुवारी अंथरुणाला खिळलेल्या एका मैत्रिणीला भेटायला जाणे, सगळे त्या मोटारीने. मोटार 78 हजार किलोमीटर फिरलेली. सकाळी खटका डी वर टाकला की ती दोन सेकंद विचार करी आणि मग पाठीत धक्का देऊन निघे. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जातानाही झटका बसे. एका गॅरेजने 'हात लावू नका' सांगितले. दुसऱ्याने पेटी खोलायची म्हणून दीड लाखाचा अंदाज दिला. बंगळूरला असलेल्या माझ्या भाच्याने तिसरा मार्ग काढला: मोटार विकून टाक आणि रिक्षाने हिंड.

"रिक्षाला हात मी करीन रे," ताई म्हणाली, "पण पुण्याचा रिक्षावाला माझ्या हाताकडे बघेल का?"

विनोद केला खरा. पण आवाजात विनोद नव्हता. मोटार गेली की गुरुवार जाणार, मंडई जाणार आणि मग हळूहळू घराबाहेर पडणेच जाणार, हे तिला दिसत होते. प्रश्न तेलाचा होता, पण त्यावर एका बाईचे आपल्या पायावर उभे राहणे अवलंबून होते.

म्हणून आधी त्या भयंकर वाक्याचा विचार करू. ते अगदीच खोटे नाही. अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे वाक्य पूर्ण खोट्यापेक्षा जास्त घोटाळा करते. खरे इतकेच की, चकत्यांचे अस्तर झिजून पार गुळगुळीत झाले असेल, तर जुन्या तेलात तरंगणारा त्याचाच कीस थोडीफार पकड देत असतो. ते तेल काढून नवे निसरडे तेल घातले की उरलीसुरली पकड जाते. दुसरे असे की, नव्या तेलातली साफ करणारी द्रव्ये वर्षांची साचलेली घाण सोडवितात. ती एकदम सुटली तर बारीक छिद्रात जाऊन बसण्याचा धोका असतो. विशेषतः यंत्र लावून, जोराने तेल फिरवून पेटी धुतली तर.

पण खोटे काय ते पाहा. माणूस तेल बदलायला केव्हा जातो? पेटी घसरायला लागल्यावर! आयुष्यभर वैद्याकडे न गेलेला रोगी शेवटच्या घटकेला वैद्याकडे नेला आणि तो दगावला, तर वैद्याच्या मात्रेने मारले असे म्हणायचे का? पेटी आधीच गेलेली असते. तेल बदलले नसते तरी ती चार महिन्यांत बसलीच असती. मात्र बदनाम होते ते नवे तेल. तेव्हा विचारायचा प्रश्न 'तेल किती जुने?' हा नसून 'पेटी अजून धड आहे का?' हा आहे.

आधी नाडी, मग औषध

ही नाडी पाहायला दीड लाख लागत नाहीत. ताईला शेजारी बसवून मी मोटार तळजाईच्या चढावर नेली. चढावर पाय दाबला की एंजिनाचा काटा वर उडतो आणि मोटारीचा वेग मात्र वाढत नाही, असे झाले तर चकत्या घसरत आहेत असे समजावे. तसे झाले नाही. झटका होता, पण घसरण नव्हती. हा पहिला शुभशकुन.

मग तेल मोजायची पट्टी काढली. तेल कसे पाहायचे हे मोटारीगणिक वेगळे असते. ताईच्या मोटारीत पेटी चांगली तापल्यावर, सपाट जागी, एंजिन चालू ठेवून पाहायचे होते. काही मोटारींत एंजिन बंद करून पाहतात. पांढऱ्या टिपकागदावर एक थेंब सोडला. नवे तेल कोकम सरबतासारखे लाल आणि पारदर्शक असते. वय झाले की ते चहाच्या रंगावर येते, आणि बहुतेकदा त्यात घाबरण्यासारखे काही नसते. काळे पडून करपलेल्या पावासारखा वास येऊ लागला आणि थेंबाच्या मध्यभागी काळा गाळ बसला, तर मात्र चकत्या जळल्या असे धरावे. आणि तेलाची सोलकढी झालेली दिसली, म्हणजे गुलाबी, दुधाळ, तर रेडिएटरमधले पाणी पेटीत शिरले आहे; मोटार तिथेच उभी करावी आणि पुढचा विचार मिस्त्रीवर सोपवावा. ताईचे तेल दाट तपकिरी होते, पातळी खालच्या खुणेला टेकलेली होती, पण वास जळका नव्हता.

"म्हणजे आशा आहे?" ताईने विचारले.

"आशा आहे. हमी नाही," मी म्हणालो. "तेल म्हणजे औषध आहे, नवस नव्हे."

ती म्हणाली, "मग घाल. विकायची तर आहेच असे सगळे म्हणतात; मग एकदा औषध घेऊन बघू दे तिला."

शंभरातले किती?

ओळखीचा एक मिस्त्री होता. मेहनती, आणि न विचारता पाना न लावणारा. काम त्याच्या गॅरेजात करायचे ठरले. मोटार चारी बाजूंनी सपाट उचललेली असावी लागते आणि खाली माणूस जायचा असतो. म्हणून मी सांगेन की, केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही मोटारीखाली शिरू नये, मग तो कितीही हौशी असो.

या कामात एक गंमतीचा हिशेब आहे. पेटीत एकंदर 6 लिटर तेल. पण खालचा बोल्ट सोडला की सगळे येत नाही. निम्म्याहून अधिक तेल त्या पंख्याच्या डब्यात आणि नळ्यांत अडकून राहते. पहिल्या वेळी आम्ही तळाचे पात्र, गॅरेजच्या भाषेत चेंबर, उतरविले आणि 2.6 लिटर आले. म्हणजे शंभरातला 57 हिस्सा जुनाच उरला. पंधरा दिवस मोटार चालविल्यावर पुन्हा अडीच लिटर सोडले आणि तितकेच भरले. जुना हिस्सा 33 वर आला. आणखी पंधरा दिवसांनी तिसऱ्यांदा. तो 19 वर आला. दाट ताकात पाणी घालत जावे तसा हा प्रकार. एकदम धुण्यापेक्षा हा सावकाशीचा मार्ग मला दुर्लक्षित पेटीसाठी बरा वाटतो. घाण सुटायची ती थोडीथोडी सुटते, जाळीत अडकते, आणि दरवेळी मोटार कशी चालते हे पाहून पुढे जायचे की थांबायचे हे ठरविता येते.

चेंबर उतरविले की त्यातली लोहचुंबके पाहायची. पेटीची खरी जन्मपत्रिका तिथे असते. चुंबकावर काजळासारखा बारीक करडा लेप असला तर ती वयाची झीज, पुसून टाकावी. पण टोकदार कपच्या, तारेसारखे तुकडे दिसले तर आत काहीतरी मोडले आहे. ताईच्या पेटीत लेप होता, तोही बोटभर जाड. कपची एकही नव्हती. मिस्त्रीने चुंबक बोटाने पुसले, उजेडात धरले आणि म्हणाला, "मावशी, पेटी चांगली आहे. नुसती उपाशी ठेवलीय." ताईने तेवढ्यात पिशवीतून त्याच्यासाठी चकलीचा डबा काढला.

जाळी नवी घातली, पॅकिंग नवे घातले. चेंबरचे बोल्ट लहान असतात आणि पेटी अॅल्युमिनियमची. जोर करून आवळले की आटे जातात, म्हणून ठरलेल्या बेताने, समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. जेवढे तेल निघाले तेवढेच मोजून पट्टीच्या नळीतून भरले, आणि खालच्या खुणेवरून तूट दिसतच होती ती थोड्या थोड्या तेलाने भरून काढली. मग एंजिन चालू करून, ब्रेकवर पाय ठेवून, खटका प्रत्येक घरात काही सेकंद थांबवीत फिरविला, म्हणजे तेल सगळीकडे पोचते. आणि पेटी तापल्यावर पुन्हा पट्टी पाहिली. कमी तेल जसे वाईट तसे जास्तही वाईट. जास्त झाले की फिरत्या भागांत त्याचा फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

निकाल काय लागला? पहिल्या वेळेनंतर फरक पुसटसा. दुसऱ्या वेळेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला झटका जवळजवळ गेला. तिसऱ्यानंतर सकाळचा धक्का गेला. मात्र डी वर टाकल्यावर मोटार अजूनही सेकंदभर विचार करते. आतली रबरी सीलं कडक झाली असावीत, आणि ती तेलाने कोवळी होत नाहीत. वर्षभरात मोटार 8 हजार किलोमीटर चालली. तीन वेळचे तेल, जाळी, पॅकिंग आणि मजुरी मिळून साडेनऊ हजार रुपये लागले. ताई आता सकाळी खटका टाकते, मनात एक आकडा मोजते आणि निघते. "माझ्या गुडघ्यालाही उठताना तेवढा वेळ लागतोच की," असे तिचे म्हणणे.

आपल्या मोटारीसाठी

हे वाचून उद्या सकाळी कोणी पाना घेऊन धावू नये. आधी आपली मोटार कोणत्या जातीची हे पाहावे. सेलेरिओने आणलेली ए.एम.टी. जात म्हणजे खरे तर साधी गिअरपेटी, नुसता यंत्राचा हात क्लच दाबतो. तिच्यात हे लाल तेल नसून गिअरचे साधे तेल असते, आणि तो हात हलविणाऱ्या यंत्रणेचे तेल वेगळे. सी.व्ही.टी. जातीत दाते नसून पट्टा दोन कप्प्यांमध्ये सरकतो. तिचे तेल स्वतंत्र, आणि तिथे लाल तेल घालणे म्हणजे पट्ट्याचा गळा दाबणे. दोन क्लचांच्या जातीचे आणखी वेगळे. 'सगळ्या गाड्यांना चालते' असे डब्यावर लिहिलेले तेल पाहून हुरळून जाऊ नये. माहितीपुस्तकात तेलाचे जे नाव आणि जो क्रमांक छापला आहे, तोच मागावा. चार पैसे वाचविण्याची ही जागा नव्हे.

पुष्कळ नव्या मोटारींत मोजायची पट्टीच नसते. तेथे तेल ठरावीक तापमानाला आणून, बाजूचा एक बोल्ट सोडून, जादा तेल ओघळू द्यायचे आणि धार थेंबावर आली की बंद करायचे, अशी रीत असते. तापमान मोजायला उपकरण लागते, म्हणून हे काम जाणत्या गॅरेजातच करावे.

काढलेले तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. 2016 च्या सरकारी नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते डब्यात भरून, ज्या गॅरेजातून अधिकृत पुनर्वापर करणारे लोक तेल उचलून नेतात, तिथे द्यावे.

आणि जिथे पेटी खरोखरच घसरते आहे, तेल जळून कोळसा झाले आहे, चुंबकावर कपच्या आहेत, तिथे नव्या तेलावर पैसे घालवू नयेत. तेच पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत. तेल झीज थांबवू शकत नाही; ती लांबवू शकते. मेलेल्या चकत्या जिवंत करणारे तेल अजून कोणी काढलेले नाही, बाटलीवर काहीही छापलेले असो.

राहता राहिली धड चालणारी, पण कधीच तेल न पाहिलेली मोटार. अशा मोटारी आपल्या वाड्यांतून आणि सोसायट्यांतून आज शेकड्यांनी उभ्या असतील. त्यांच्या मालकांना माझे एवढेच सांगणे की, आजवर दुर्लक्ष झाले हे आणखी दुर्लक्ष करण्याचे कारण होऊ शकत नाही. आधी चढावर नेऊन पाहा, टिपकागदावर थेंब पाहा, चुंबक पाहा. आणि तिन्हींनी होकार दिला तर न घाबरता, पण घाईही न करता, थोडे थोडे तेल बदला. नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला तेल चोळून घेताना घरातल्या प्रत्येकाची आठवण होते. यंदा अंगणात उभ्या असलेल्या त्या मुक्या जिवाचीही व्हावी. फक्त त्याचे अभ्यंग आतून करायचे असते, आणि तेल मोजून घालायचे असते.